हाडाचा श्रोता

माणूस हाडाचा शिक्षक असतो, हाडाचा कलावंत असतो. पण हाडाचा श्रोता असल्याचे कधी ऐकले आहे का तुम्ही? वीस वर्षे कॉलेजात मराठी शिकवल्यावर मी तर अशा श्रोत्याची आशाच सोडली होती. तो अखेर घरातच भेटला, सत्तरीच्या आत्याच्या रूपाने!

आत्याचे दोन्ही कान लहानपणापासून वाहणारे. कानात यंत्र घातले की पुन्हा वाहू लागत. म्हणून ती कोपऱ्यात बसून साऱ्यांच्या ओठांकडे बघे आणि अगदी हळू बोले. "किती सोशिक, किती मृदू!" असे नातेवाईक म्हणत.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी नादकाटा तिच्या कानापुढे धरला; आत्या ढिम्म. त्याचाच दांडा कानामागच्या हाडावर टेकवताच तिने चमकून वर पाहिले. कवटीच्या हाडातूनही नाद आतल्या शंखापर्यंत पोचतो. तिचा पडदा नि त्यामागची इवली हाडे निकामी झाली होती. शंख शाबूत होता. तो थकलेला असता, तर हा उपाय चालला नसता. हळू बोलण्याचे कोडेही तिथेच सुटले. जग मुके झाले, तरी स्वतःचा आवाज तिला हाडातून मोठा ऐकू येई. सोशिकपणाचा काही संबंध नव्हता!

उपाय म्हणजे कानामागच्या हाडात टिटॅनियमचा बारीक स्क्रू बसवून त्यावर यंत्र अडकवायचे. टिटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना सशांवरील प्रयोगांत दिसले. १९६५ साली त्यांनी ते माणसाच्या जबड्यात दातांसाठी वापरले. पुढे १९७७ साली गोटेनबर्गला ते कानांच्या कामी आले.

"या वयात डोक्याला भोक?" काका कडाडले. खर्चाचा आकडा ऐकून मीही गप्प झालो. आधी डोक्याला पट्टा बांधून यंत्र आठवडाभर वापरून पाहिले. आठव्या दिवशी आत्या म्हणाली, "दातांना स्क्रू चालतो, मग कानांनी काय घोडे मारले? माझ्या पाटल्या मोड. त्यांची किणकिण इतकी वर्षे मला कुठे ऐकू येत होती?"

स्क्रू हाडात मुरायला तीन महिने लागले. आता आत्या खणखणीत बोलते, वाद घालते. यंदाच्या चकल्या मऊ पडल्याचे तिने माझ्या चावण्याच्या आवाजावरून ओळखले आणि सौभाग्यवतींना सर्वांदेखत सांगितले. नातेवाईक म्हणतात, आत्या बिघडली. मला वाटते, आमची खरी ओळख आत्ता कुठे होते आहे.