पगारपत्रक नसलेल्यांचे घर

भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या कोशांचा धागा, त्याला सुती करवती किनार आणि हे सगळे जमवून आणणारा हातमाग, यावर इथली कितीतरी घरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. याच जिल्ह्यात वरठीच्या पोलाद कारखान्यात कायम असलेला कामगार आणि आंधळगावचा विणकर एकाच आठवड्यात घर बांधायला निघाले, तर कामगाराचे कर्ज मंजूर होते आणि विणकराचा अर्ज बहुधा टेबलावरूनच परत येतो. गृहकर्जाच्या प्रकरणांची छाननी हा माझा व्यवसाय आहे. या फरकाचे कारण विचारले की आमच्या क्षेत्रातली माणसे दोन शब्दांत उत्तर देतात, ‘सिबिल नाही’. माझ्या मते हे कारण वरवरचे आहे. अर्ज अडतो कारण विणकराची कमाई कुठे लिहिलेलीच नसते, आणि ती लिहून घेण्याचे काम ज्या स्थानिक बँका-पतसंस्थांनी करायचे, त्यांनी ते अंगाबाहेर टाकले आहे.

आधी सिबिलचाच हिशेब करू. कर्जफेडीच्या इतिहासाचा हा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो. ज्याने कधी बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतले नाही त्याला गुणांकच मिळत नाही, त्याच्या नावापुढे उणे एक लागते. उणे एक म्हणजे वाईट इतिहास नव्हे, इतिहासच नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे कर्जसंस्थांना सांगितले आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने लोकसभेतही तेच स्पष्ट केले. थोडक्यात, नियम विणकराच्या बाजूने आहे. तरी अर्ज परत येतो, कारण नियमातल्या ‘केवळ’ या शब्दाला वळसा घालणे सोपे आहे. अधिकारी इतिहासाचा उल्लेख टाळून ‘उत्पन्नाचा पुरावा असमाधानकारक’ असा शेरा मारतो, आणि कागदावर पाहिले तर तो शेरा खराही असतो.

खरा कसा, ते विणकराच्या घरात डोकावले की कळते. व्यापारी धागा देतो, विणकर कापड विणून देतो आणि नगावर मजुरी घेतो. उचल आधी घेतलेली असते, ती त्याच मजुरीतून वळती होते. कांडी भरण्याचे काम घरातल्या बाया आणि म्हातारी माणसे करतात. त्याचा वेगळा दाम नसतो, म्हणून ते कुणाच्याच उत्पन्नात धरले जात नाही. लग्नसराईत हाताला उसंत नसते, पावसाळ्यात काम मंदावते, आणि हा धानाचा मुलूख असल्याने रोवणी-कापणीच्या दिवसांत घरातली दोन माणसे मजुरीवर जातात. कमाई चार वाटांनी येते, वर्षभर येते. पण आयकर विवरणपत्र, पगारपत्रक किंवा बँकेच्या खात्यात दरमहा पडणारी ठरावीक रक्कम यांपैकी एकाही साच्यात बसत नाही. छाननीचा आमचा तक्ता पगारदार माणूस समोर ठेवून बनवलेला आहे. त्यात या घराच्या कमाईसाठी रकानाच नाही, आणि रकाना नाही म्हणून कमाई नाही असे धरले जाते. त्याच घरातली बाई बचत गटाचे कर्ज वर्षानुवर्षे वेळेवर फेडत असते. गटातल्या सदस्यांची वैयक्तिक माहिती सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना कळवा, असे रिझर्व्ह बँकेने २०१६ सालीच सांगितले होते. पण ज्या शाखेने गटाचे कर्ज अजूनही गटाच्याच नावावर ठेवले आहे, तिथे त्या बाईची शिस्त तिच्या कामी येत नाही.

दुसरी अडचण घराच्या जागेची. गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. विणकराकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरटॅक्सच्या पावत्या. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून बँक त्यावर गहाण घ्यायला कचरते. त्यावर नाव पुष्कळदा वारलेल्या आजोबांचे असते आणि वारस चौघे असतात. गावठाणाबाहेर प्लॉट घेतला तर तो अकृषिक करून घेण्याचा प्रश्न येतो. जमीन शेतीची राहिली तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला ती जप्त करता येत नाही, आणि जे जप्त करता येत नाही ते बँक तारण म्हणून धरत नाही.

या दुसऱ्या अडचणीवर सरकारने खरोखर काम केले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. महाराष्ट्रात त्याचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच कार्यक्रमात देशभर ६५ लाख पत्रिका वाटल्या गेल्या. या पत्रिकेवर बँका कर्ज देतील, हे योजनेचे एक मोठे आश्वासन आहे. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांदो दे सोतो यांनी २००० साली हाच विचार जगभर गाजवला होता. गरिबाकडे घर आहे, फक्त कागद नाही. कागद द्या, भांडवल आपोआप जिवंत होईल. अनुभव मात्र तितका सरळ नाही. अर्जेंटिनात ब्युनोस आयरेसच्या एका वस्तीत काही कुटुंबांना मालकीपत्रे मिळाली, काहींना नाही. गालियानी आणि शार्ग्रोडस्की या संशोधकांनी दोन्ही गटांची तुलना केली, तेव्हा पत्रे मिळालेल्यांनी घरे सुधारली, पण त्यांच्या कर्जात फारसा फरक पडला नव्हता. खुद्द पेरूत पत्रांमुळे सरकारी बँकेचे कर्ज थोडे सुलभ झाले, खासगी बँकांचे नाही. मिळकत पत्रिका हवीच, ती आवश्यक आहे. पण तिने तारणाचा प्रश्न सुटतो, फेड कशातून होणार हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून मी जोर कमाईच्या नोंदीवर देतो.

नोंद नसल्याची किंमत मोजता येते. दोन माग चालवणारे, हाताला बरे काम असलेले एक कुटुंब घ्या. मागाची मजुरी आणि शेतमजुरी मिळून वर्षाला दीड लाख रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी साडेबारा हजार, असे समजू. त्यातले चाळीस टक्के, म्हणजे पाच हजार रुपये, ते हप्त्याला देऊ शकते. पंधरा वर्षांच्या मुदतीत ९ टक्के दराने या हप्त्यावर सुमारे ४ लाख ९३ हजार रुपये कर्ज मिळते. बँकेने दार लावले की हे कुटुंब छोट्या गृहवित्त कंपनीकडे जाते. तिथला दर १४ टक्के धरला, तर त्याच हप्त्यात जेमतेम ३ लाख ७५ हजार हाती येतात. फरक सुमारे १ लाख १८ हजारांचा. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण विभागात केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशातल्या घरकुलाला मिळणारे अनुदान १ लाख २० हजार आहे. सरकार एका हाताने जितके देते, जवळपास तितकेच या घराची कमाई नोंदलेली नसल्यामुळे दुसऱ्या हाताने निघून जाते. शिवाय बँकांच्या बदलत्या दराची नवी गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराशी बांधलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांवर ते बंधन नाही, त्यामुळे दर उतरल्याचा फायदा तिथल्या कर्जदाराला उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही.

बँकेने कमाई नोंदून कर्ज द्यावे, या म्हणण्यावर पहिला आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा असेल. बँकेतला पैसा ठेवीदारांचा आहे. ओळखीपाळखीवर कर्जे वाटून सहकारी बँका कशा बुडाल्या, हे महाराष्ट्राने कमी पाहिले आहे काय? पाहिले आहे. पण बुडाल्या त्या कोणाच्या कर्जाने, तेही पाहू. २०१९ साली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक कोसळली ती एका बड्या बिल्डर समूहाला दिलेल्या आणि खोट्या खात्यांआड दडवलेल्या कर्जांमुळे. चार-पाच लाखांचे घर बांधणाऱ्यांनी ती बुडवली नव्हती. आणि कमाईची नोंद घेणे म्हणजे वशिला नव्हे. वशिल्यात माणूस पाहून आकडा ठरतो. नोंदीत व्यापाऱ्याच्या मजुरीच्या वहीतले बारा महिने, वीजबिल, बचत गटाच्या पासबुकातल्या जमा आणि घरटॅक्सच्या पावत्या जुळवून आकडा काढावा लागतो, आणि तो दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासला तरी तोच यावा लागतो. बांगलादेशाच्या ग्रामीण बँकेने १९८४ पासून भूमिहीनांच्या घरांसाठी अशीच कर्जे दिली. तिथे गहाणाऐवजी गटाची जबाबदारी आणि छोटे नियमित हप्ते यांवर भर होता, जागा बाईच्या नावावर असावी असा आग्रह होता. १९८९ साली त्या कार्यक्रमाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. आपल्याकडे गटांचे जाळे त्याहून लहान नाही.

दुसरा आक्षेप वसुलीचा. हप्ते थकले आणि तारण पक्के नसले, तर बँकेने काय करायचे? इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. विणकरांच्या आळीतले घर लिलावात काढले तर बोली लावायला कोण येणार? शेजारी येत नाहीत आणि बाहेरच्याला तिथे राहायचे नसते. अशा घराच्या तारणाचा उपयोग पैसे परत मिळवण्यापेक्षा दबाव ठेवण्यासाठीच जास्त होतो. तेव्हा वसुलीची खरी हमी हप्ता कमाईच्या चालीने बांधण्यात आहे. पीककर्जाची परतफेड आपण हंगामाला जोडतोच. मग विणकराचा हप्ता लग्नसराईत जास्त आणि पावसाळ्यात कमी ठेवायला कोणता नियम आड येतो? मला तरी असा नियम माहीत नाही. आड येते ती संगणकातली ठरावीक मांडणी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे. गरिबाच्या डोक्यावर कर्ज कशाला, त्याला घरकुल द्या. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशातल्या सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिन्याला पाच हजारांहून कमी आहे. त्यांना गृहकर्ज हा उपाय नाहीच, अनुदानच हवे, आणि त्यांना हप्त्यात अडकवणाऱ्याला मी जबाबदार सावकार म्हणणार नाही. पण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आत. हातमाग, त्याच्या बाजूची वावरायची जागा, धाग्याचा साठा आणि पाच माणसे यांना ते पुरत नाही. आंधळगावात घर हीच कार्यशाळा आहे. छत गळले तर ताणी भिजते आणि मजुरी बुडते. वरच्या एक तृतीयांशातल्या अनेक कुटुंबांना घरकुलाच्या यादीत जागा मिळत नाही आणि बँकेतही. अशा दोन्हीकडून सुटलेल्या माणसासाठीच हा सगळा युक्तिवाद आहे.

गाव सोडलेल्यांची गतही निराळी नाही. आंधळगावचा मुलगा नागपुरात किंवा पुण्यात कामाला असतो, आधारवर पत्ता गावचा, भाड्याची पावती रोखीची, नोकरी कंत्राटी. शहरातली शाखा म्हणते गावच्या घराचे कर्ज गावी मागा. गावची शाखा म्हणते कमाई शहरात, तिथे जा. त्याला वडिलांसोबत सहअर्जदार करून दोघांची कमाई एकत्र धरणे हा साधा मार्ग आहे. २०२१ पासून चालू असलेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेमुळे त्याच्या खात्याची माहिती, त्याच्या संमतीने, गावच्या शाखेलाही पाहता येते. तरीही तो फाइलसह दोन शाखांमध्ये फिरत राहतो.

आता कमाई नोंदवण्याचे हे काम करायचे कोणी? जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांच्या वैयक्तिक गृहकर्जाची मर्यादा वाढवून, बँकेच्या नक्त मालमत्तेनुसार, ५० किंवा ७५ लाख केली. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. दहा लाखांखालच्या लोकसंख्येच्या ठिकाणी ३५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज अग्रक्रम क्षेत्रात धरले जाते. अधिकार आहेत, निधी आहे, सवलत आहे. भंडारा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने, बँक ऑफ इंडियाने, बँकर्स समितीत विणकरांच्या उत्पन्नाचा एक समान तक्ता ठरवून घ्यावा, तो हातमाग विभागाच्या ओळखपत्राशी जोडावा आणि गटातल्या प्रत्येक बाईची परतफेड तिच्या नावावर नोंदवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि ज्याला अर्ज करायचा आहे त्याने वाट पाहत बसू नये. मजुरी शक्यतो खात्यात घ्या; रोख घेतली तर व्यापाऱ्याच्या वहीत सही-तारखेची नोंद करून तिची प्रत जवळ ठेवा. नमुना आठवरचे वारस आधी लावून घ्या, मिळकत पत्रिका मिळत असेल तर मागून घ्या. वर्षातून एकदा प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून आपला अहवाल फुकट मिळतो, तो पाहा. चूक दाखवूनही तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, ते देणे बँकेवर बंधनकारक आहे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. तोंडी नकार घेऊन घरी परतू नका.