दाजींची गाडी आणि घाटाचा उतार

सोलापूर म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाला चादर आठवते, फार तर शेंगाचटणी. मला मात्र आठवतो तो आमच्या दाजींच्या पिकअपचा ब्रेक!

दाजी चादरींचे व्यापारी. या गावात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. पुढे मोठ्या गिरण्या बंद पडल्या, पण मागांचा खडखडाट अजून ऐकू येतो. बाजारात मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच दुकानात सुखाने नांदतात. दाजींची गाडी बावीस वर्षांची. "ही माझी थोरली लेक," असे ते म्हणत, आणि ताई नाक मुरडी.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तुळजापूरच्या दुकानांत माल पोचवून आणि देवीचे दर्शन घेऊन आम्ही परत निघालो. पुढच्या बाकावर दाजी, मी, ताई आणि तिच्या मांडीवर सहा वर्षांची भाची. मागे उरलेले गठ्ठे. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरावर; तेथून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर. रस्त्यावर जिकडे तिकडे ज्योती! गावोगावचे तरुण देवीपुढे ज्योत पेटवतात आणि आळीपाळीने धावत आपल्या गावी नेतात. "उदो उदो"च्या गजराने घाट दुमदुमत होता.

दाजींनी घाटाच्या तोंडाशीच गाडी न्यूट्रलवर टाकली. "डिझेल वाचते रे," ते म्हणाले. मग सारा भार ब्रेकवर. चारपाच वळणे झाली आणि दाजींचा चेहरा एकदम उतरला. पायाखालचे पायडल लोण्यासारखे मऊ झाले होते! पुढे शंभर पावलांवर ज्योतवाली पोरे धावत होती.

दाजी पायडल भराभर मारू लागले. हॉर्नवर हात, गाडी कशीबशी तिसऱ्या गिअरमध्ये, मग दुसऱ्या, आणि हँडब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या कडेला खडीवर घासून थांबली. कोणी काही बोलेना. भाची तेवढी म्हणाली, "संपला घाट?"

खरी परीक्षा पुढेच होती. अर्ध्या तासाने दाजींनी पायडल दाबून पाहिले, तर ते पहिल्यासारखे घट्ट! "झाले बरे. चला," ते उत्साहाने म्हणाले. दुसऱ्या दिवशी पंढरपूरला माल जायचा होता, म्हणून घाई.

ताई खाली उतरली. "तुम्ही या सावकाश. मी पोरीला घेऊन एसटीने जाते," एवढेच बोलली आणि हात दाखवून तिने खरोखरच एसटी थांबवली. बावीस वर्षांत त्या गाडीचा एवढा अपमान झाला नसेल. दाजींनी मुकाट्याने मिस्त्रींना फोन लावला.

मिस्त्री तासाभराने स्कूटरवर आले. आधी हत्यारे काढली नाहीत, प्रश्न विचारले. "उतारावरच मऊ झाला की सपाटीवरही?" मग मला पायडल दाबून धरायला लावले. "हळूहळू खाली जातंय का? नाही ना? मग मास्टर सिलिंडर ठीक आहे." चाकांच्या आतल्या बाजू पाहिल्या, कोठे ओल नव्हती. शेवटी तेलाच्या डबीचे झाकण उघडले. आत काळपट चहा!

"तेल कधी बदललं, मालक?"

"बदलले? कमी झाले की घालतो की!"

"तेच चुकलं की ओ. हे तेल हवेतलं पाणी पितं. कोरं असलं तर दोनशे अंशाच्या वर उकळतं. पाणी प्यालं की त्याच्या कितीतरी आधी. घाटात ब्रेक तापले, तेल उकळलं, नळीत वाफ झाली. तेल दबत नाही, वाफ दबते. गार झाल्यावर वाफ गेली, म्हणून पायडल घट्ट लागतंय. पुढच्या घाटात पुन्हा हेच."

हा हिशेब जुना आहे. ज्यांचे नाव पुढे विमानांमुळे गाजले, त्या लॉकहीड बंधूंपैकी माल्कम यांनी १९१७ साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. साधे 'डॉट ३' तेल कोरे असताना निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत टिकावे लागते. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० वर येते.

मग रस्त्याच्या कडेलाच काम सुरू झाले. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक, म्हणजे मागचे डावे, आधी. निपलला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीत. मी पायडलवर. "मारा... मारा... धरा!" मिस्त्री पान्याने निपल सैल करीत, काळे तेल आणि बुडबुडे बाहेर. निपल पुन्हा आवळल्यावरच "सोडा!" डबी रिकामी होऊ नये म्हणून दाजी नवे तेल ओतत होते. चारही चाकांतून स्वच्छ तेल येईपर्यंत दिवेलागण झाली. आमच्या शेजारून ज्योती खाली जात होत्या.

उरलेला घाट दाजींनी दुसऱ्या गिअरमध्ये, धावणाऱ्या पोरांच्या मागे राहून उतरला. एकदाही हॉर्न वाजवला नाही. घरी ताईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली, आणि विचारले फक्त, "न्यूट्रलवर आणलीत?"

"नाही," दाजी म्हणाले.

खंडेनवमीला गाडीला हार घातला, बॉनेटवर कुंकू लावले. मग दाजींनी तेलाच्या डबीवर रंगाने त्या दिवसाची तारीख लिहिली आणि तिच्याखाली दोन वर्षांनंतरची. कुंकवाचे बोट त्या दुसऱ्या तारखेवर ताईने लावले.