फरक आढळला नाही

‘तू काय स्वतःला स्ट्रूप समजतेस का?’

टीवायच्या तोंडी परीक्षेत हे वाक्य मला ऐकवलं गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. ऐकवणारे एक्स्टर्नल सर त्याच संध्याकाळी ते विसरून गेले असतील. मी विसरलेले नाही. मार्कांचं मला फारसं काही नाही. पण ते वाक्य अजून सलतं.

बारावी बार्शीला, मराठी माध्यमातून. पुढे पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात मानसशास्त्र स्पेशल. माहितीपत्रकात ‘संशोधनाभिमुख पदवी’ असं ठळक छापलेलं होतं. वर्गातल्या निम्म्या मुली समुपदेशक व्हायचं म्हणून आल्या होत्या. प्रमाण विचलन आणि टी-टेस्ट समोर आल्यावर त्यांची तोंडं उतरली. मला मात्र तेच आवडलं. आरशात बघून तारा गिरवायचा, एबिंगहाउसची निरर्थक अक्षरं पाठ करायची, म्युलर-लायरच्या बाणांत फसायचं आणि आपण नेमके किती फसलो ते जर्नलमध्ये लिहून बाईंची सही घ्यायची. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा संशोधन प्रकल्प होता.

मी स्ट्रूप घेतला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचता येणाऱ्या माणसाला न वाचणं जमत नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली हे मोजलं. रंगाचे १०० ठोकळे ओळखायला त्यांच्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले, तर उलट शाईतल्या १०० शब्दांचे रंग सांगायला ११०.

आमच्या वर्गात मराठी माध्यमवाले आणि इंग्रजी माध्यमवाले अशा दोन फळ्या होत्याच. ज्या भाषेत शाळा झाली त्या भाषेतले शब्द जास्त आडवे येत असतील का, हा माझा प्रश्न. द्विभाषिकांवरच्या आधीच्या कामात तसा कल दिसतोही. प्रयोगाला बसणारे ३० प्रयुक्त इकडचे, ३० तिकडचे, आणि प्रत्येकाला दोन्ही भाषांची कार्डं. पण ‘रेड’ एका झटक्यात म्हणून होतं, ‘पिवळा’ म्हणायला वेळ लागतो. म्हणजे नुसते सेकंद ताडून पाहिले तर मराठी उगाचच हळू ठरणार. म्हणून आधी साध्या रंगीत ठोकळ्यांची नावं दोन्ही भाषांत म्हणून घ्यायची आणि तो वेळ वजा करायचा. उरेल तो अडथळा. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी होस्टेलवर दोघींना जिलेबी खाऊ घातली होती.

स्केचपेननं कार्डं रंगवली. प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच जुनं, बटण दाबलं की खट्ट वाजायचं आणि समोरचा दचकायचा. म्हणून मी ते ओढणीत धरून दाबायचे. एका पठ्ठ्यानं डोळे इतके बारीक केले की अक्षरं पुसट होऊन नुसता रंग उरावा. हा शोध त्याचा त्यानं लावला होता! कार्डाकडे नीट न बघणाऱ्याची नोंद धरायची नाही, हा नियम मी पहिला माणूस बसवण्याआधीच लिहून ठेवला होता. त्यामुळे त्याच्या जागी दुसरा घेतला.

आकडे आले. अडथळा सगळ्यांनाच झाला, भरपूर झाला. पण माध्यमानुसार? टी-मूल्य १.१२. तक्त्यात हवं होतं २.००. फरक सार्थक नाही. गाईड मॅडम म्हणाल्या, ‘आलंय तसं लिही.’ मी लिहिलं.

तोंडी परीक्षेला सरांनी फाइल मागच्या बाजूनं उघडली. प्रस्तावना नाही, पद्धत नाही, थेट निष्कर्ष. बोट तक्त्यावर ठेवून म्हणाले, ‘म्हणजे काहीच आलं नाही?’

मी म्हटलं, ‘सर, फरक आढळला नाही, असं आलंय.’

‘तेच ते. वर्षभर काम करून हाती काय, शून्य.’ मग आवाज मऊ झाला. मला हा मऊपणाच जास्त झोंबला. ‘अगं, थोडं खेळायचं ना डेटाशी. टोकाचे दोन-चार प्रयुक्त काढून पाहिलेस? मुलं-मुली वेगळे केलेस? सेकंद नाही तर चुका मोजायच्या. कुठेतरी निघतंच.’

निघतंच, हे खरं. म्हणून तर करायचं नसतं. ०.०५ ची पातळी म्हणजे फरक मुळात नसतानाही शंभरात पाच वेळा तो ‘दिसणार’, हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. अशा वीस स्वतंत्र चाचण्या लावल्या, तर एकदा तरी खोटा फरक गळाला लागण्याची शक्यता जवळजवळ दोन-तृतीयांश. हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं होतं, त्याच इमारतीत, एक मजला खाली. डोळे बारीक करणाऱ्याला आधी ठरवून वगळणं वेगळं आणि उत्तर आवडलं नाही म्हणून चौघांना हाकलणं वेगळं. यातलं थोडंफार मी बोलले. सरांनी घड्याळ पाहिलं.

मग मी माझ्याकडचा हुकमाचा पत्ता टाकला. ‘सर, स्ट्रूपच्या त्याच लेखात पहिल्या प्रयोगात फरक मिळालेला नाही. रंगीत शाईतले शब्द नुसते वाचायला १०० शब्दांमागे जेमतेम दोन-सव्वादोन सेकंद जास्त लागले, ते भरवशाचे नाहीत असं त्यांनीच म्हटलंय. आणि ते छापलंय. ते छापलं म्हणूनच दुसऱ्या प्रयोगाला अर्थ आला.’

त्यावर ते वाक्य. शेजारी बसलेल्या इंटर्नल बाई हसल्या. गाईड मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

खरा प्रश्न विचारायचाच होता तर एक होता. गटात ३० माणसं पुरतात का? मध्यम आकाराचा फरक असेल तर तो पाचांपैकी चार वेळा पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. कोहेननं हे तक्ते करून ठेवलेत. म्हणजे माझं ‘आढळला नाही’ हे ‘नाहीच’ नव्हे. ‘मर्यादा’ या प्रकरणात मी हे अर्धं पान लिहिलं होतं. सर त्या पानापर्यंत आलेच नाहीत.

हे सगळं २०१७ सालचं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी ‘सायन्स’मध्ये गाजलेला तो लेख येऊन गेला होता. मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास संशोधकांच्या एका मोठ्या गटानं पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांत ९७ टक्क्यांना सार्थक फरक मिळालेला; फेरतपासणीत ३६ टक्क्यांनाच मिळाला. एवढी पडझड कशानं झाली? अनेक कारणं आहेत, पण त्यातलं एक ‘थोडं खेळायचं ना डेटाशी’ हेच आहे. न जमलेले अभ्यास कपाटात पडून राहतात, हे रोझेंथालनं १९७९ मध्येच सांगितलं होतं. पुणे विद्यापीठातला विभाग १९५० साली सुरू झाला तोच प्रायोगिक मानसशास्त्राचा म्हणून. त्या गावात प्रयोगाचं उत्तर ‘नाही’ आलं तर मुलीला फाइलवरून मान वर करता येऊ नये?

मैत्रिणीनं संगीत आणि स्मरणशक्ती घेतली होती. चार गोष्टी मोजल्या, एक सार्थक आली, अहवालात तेवढीच गेली. तिला तसंच करायला सांगितलं गेलं होतं. ती पहिली आली. तिच्यावर माझा राग नाही, आजही आमचे तास-तासभर फोन होतात. मला १०० पैकी ५८. मार्कांचं काही नाही असं मी वर लिहिलंय खरं. पण आकडा अजून तोंडपाठ आहे, त्यावरून काय ते समजा.

आता मी तासिका तत्त्वावर शिकवते आणि टेबलाच्या पलीकडे बसते. दिवसाकाठी वीस-पंचवीस फायली, पंखा बंद, मानधन सहा महिन्यांनी. एखाद्या पोरीच्या फाइलमध्ये सार्थक फरक दिसला की मला बरं वाटतं, अगदी आपसूक. ‘आढळला नाही’ दिसलं की आधी मन खट्टू होतं, मग मी सावरून पद्धतीचं प्रकरण उघडते. त्या सरांचा राग कमी झालाय म्हणावं, तर तसंही नाही. ते पद्धतीचं प्रकरण त्यांनीही उघडायला हवं होतं, एवढं साधं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला चौथं वर्ष आलंय. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर ‘ऑनर्स विथ रिसर्च’. चांगलं आहे. फक्त प्रकल्पाचे निम्मे तरी मार्क माहिती गोळा करण्याआधी, प्रश्न आणि आराखडा पाहून द्यावेत. ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकानं २०१३ पासून लेखांबाबत असंच काहीसं सुरू केलं : आधी आराखडा तपासून स्वीकारायचा, उत्तर काहीही येवो. अर्थात मार्क आधीच खिशात पडले तर आपली मुलं ६४ माणसं गोळा करत हिंडतील का, याची मला शंकाच आहे.

आणि पालकांनो, ही पदवी घेऊन लगेच कुणावर उपचार करता येत नाहीत. क्लिनिकलमध्ये जायचं तर पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. इथे तीन-चार वर्षं प्रामुख्यानं शंका घ्यायला शिकवतात, आणि तीही घेतलेली सगळ्यांना आवडत नाही. परवा मावसभावानं विचारलं, ‘ताई, घेऊ का मानसशास्त्र?’ मी म्हटलं, ‘डोळे मिटून घे.’ मग मावशीनं फोन हातात घेतला, तेव्हा तिला म्हटलं, ‘एवढी घाई करू नकोस गं, त्याला आणखी एकदा विचार.’