मी न पाहिलेला शरद

इंग्रजीच्या सरांनी निबंध घातला : ‘शरदातले लंडन’. मी तर अजून कोल्हापूरही पाहिलेले नाही. कॉलेजात जाणारी घरातली मीच पहिली. पुस्तकांतून पिवळी पाने आणि धुके गोळा केले. पण लिहिताना लाज वाटू लागली. आमच्याकडे शरदात पाने गळत नाहीत, भात पिकते. मी वही मिटली.

रविवारी टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मस्थानी गेले होते. तिथे एकदम आठवले, या गावात जन्मलेला माणूस शरदातच लंडनला पोचला होता! साल १९१८, वय ६२. मंडालेची सहा वर्षे आधीच भोगून झालेली. चिरोलने पुस्तकातून केलेल्या बदनामीविरुद्धच्या दाव्यासाठी ते गेले होते. १९१९ च्या फेब्रुवारीत दावा हरले. तरी तिथेच राहून मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना स्वराज्याची मागणी पटवीत राहिले. मुंबईला परतले ते नोव्हेंबरात. हाउले प्लेसमधल्या त्यांच्या बिऱ्हाडावर आज स्मृतिफलक आहे.

कापणी करता करता हे सारे बाबांना सांगितले. बाबा अंगठा उठवणारे. त्यांचा विळा थांबला.

“हरले, तरी लगेच माघारी नाय आले?”

“नाही.”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग पेंढी बांधत म्हणाले, “तुझी ती वही खंय टाकलीस?”

रात्री वही उघडली. पहिले वाक्य लिहिले : मी लंडन पाहिलेले नाही. पुढची वाक्ये मग आपोआप येत गेली.