बोधिवृक्षाचे पान आणि ऑस्ट्रेलियाचे बंदर

मुले सिडनीस नोकरीला लागली, की देवळाली प्रवऱ्यातील आईवडीलही आता तिकडे जातात, क्रूझने न्यूझीलंड पाहून येतात. त्यांनी व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा घ्यावा. जहाज परतले, की तो नवा प्रवेशच ठरतो. मोठे सामान बंदरावरच घेतात, ते खोलीत काही तासांनी पोहोचते. पासपोर्ट, औषधे खांद्यावरच्या पिशवीत असावीत. मी इतिहास शिकविते, म्हणून आठवते : १९१७ साली बाबासाहेब लंडनहून सुखरूप परतले, निराळ्या जहाजाने धाडलेले त्यांचे ग्रंथ मात्र पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेले. ऑस्ट्रेलियात उतरताना लाडू, मसाले, बुद्धगयेहून आणलेले बोधिवृक्षाचे पानसुद्धा घोषणापत्रात लिहावे. पान जप्त झाले तर होऊ द्यावे. लपविले तर चौथे शील मोडते, आणि दंड होतो तो वेगळाच.