पक्ष्यांचा पक्ष कुठला?

आमच्या रविवारच्या ग्रुपचे चार नियम आहेत. फोटो टाका, पक्ष्याचं नाव बिनधास्त विचारा, बिबट्या दिसला तर लोकेशन टाकू नका आणि पॉलिटिक्स अजिबात नाही! शेवटचा नियम बोल्डमध्ये. सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीटमध्ये डोकं घालणारे आम्ही वीसेक जण एका छोट्या वन्यजीव संस्थेचे व्हॉलंटियर. कधी आरे, कधी नॅशनल पार्क, कधी शिवडीचे फ्लेमिंगो. राजकारणावरच्या वादावादीला लोकल आहे, ऑफिसचं कँटीन आहे. निदान रविवारी तरी नको, म्हणून हा नियम मलाही जाम आवडायचा.

मग आला ४ ऑक्टोबर २०१९चा शुक्रवार. आरेतल्या मेट्रो कारशेडविरुद्धच्या याचिका हायकोर्टाने फेटाळल्या आणि त्याच रात्री तिथे करवती सुरू झाल्या. सोमवारी सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली, तोवर २१४१ झाडं गेली होती. विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली होती. मी ग्रुपवर लिहिलं, ‘आपली संस्था काही बोलणार आहे की नाही?’ दहा मिनिटांत संस्थेच्या ताईंचा फोन. ‘अगं, २१ तारखेला विधानसभेचं मतदान आहे. आत्ता आपण एक शब्द काढला तरी तो कुणाच्या तरी प्रचारात जाईल. काढतेस का पोस्ट?’

‘ताई, गप्प बसलो तर तोही कुणाच्या तरी प्रचारातच जाईल ना?’ मी म्हटलं. पोस्ट काही काढली नाही. दोन महिने आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो.

ताईंची भीती उगाच नव्हती, हेही सांगायला हवं. परदेशी देणगी घ्यायची तर ‘एफसीआरए’ आलाच. त्याच्या २०११च्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेलभरो असलं काही करणाऱ्या संस्थेवर ‘राजकीय स्वरूपाची’ असा शिक्का बसायची सोय होती. (सरकारी इंग्रजीत ‘रास्ता रोको’! काय ऐट आहे बघा आपल्या शब्दाची.) राजकीय हेतू नसताना लोकांच्या प्रश्नासाठी असं काही केलं, म्हणून पैसा रोखता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं मार्च २०२० मध्ये. म्हणजे आमच्या भांडणानंतर! शिवाय जंगलात कॅमेरा ट्रॅप लावायला परवानगी हवी वनखात्याची. ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहायचं.

पण म्हणून गप्पच बसायचं? केरळातल्या सायलेंट व्हॅलीत धरण नको, असं उघड सांगणाऱ्यांमध्ये आपले सलीम अली होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा हा माणूस कुठल्या पक्षाच्या झेंड्याखाली गेला नाही. धरण बारगळलं, १९८४ मध्ये तिथे नॅशनल पार्क झालं आणि १९८५ मध्ये हेच सलीम अली राष्ट्रपतिनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेत गेले. हे राजकारण नाही तर काय? फक्त पक्षाचं नाही.

उलटं उदाहरण ब्रिटनचं. तिथल्या आरएसपीबी या पक्षीसंस्थेचे दहा लाखांवर मेंबर आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाचे नियम सैल करायला निघालेल्या पंतप्रधान सुनक यांना आणि दोन मंत्र्यांना तिने सोशल मीडियावर चक्क ‘खोटारडे’ म्हटलं. मग माफी मागावी लागली, मुद्दा सोडून माणसांवर घसरलो म्हणून. मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही. मला तर हेच बरोबर वाटतं.

आरेचं पुढे काय झालं, तुम्हाला माहीतच आहे. सरकार बदललं, नोव्हेंबर २०१९ मध्ये कामाला स्थगिती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला. २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदललं, कारशेड परत आरेत. ‘बघ, कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलो असतो आपण?’ ताई म्हणाल्या. ऑक्टोबर २०२४ पासून त्याच मेट्रोने मी बीकेसीला जाते. एसी मस्त आहे. आवडतो, काय करू!

नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला ताई आणि मी अखेर तोडगा काढला. कुणाला मत द्या, हे सांगायचं नाही. आमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न पाठवायचे : झाडं, खारफुटी, बिबटे, कचरा, आदिवासी पाडे. उत्तरं एका शब्दाचीही काटछाट न करता सगळ्यांपुढे ठेवायची. उत्तरं आली दोन. तिसऱ्या उमेदवाराच्या ऑफिसातून फोन आला, ‘मॅडम, तुमच्याकडे मतदार किती?’ ताईंनी खरा आकडा सांगितला. फोन कट!

आता पुढच्या निवडणुकीत प्रश्नांखाली हाउसिंग सोसायट्यांच्या सह्या घ्यायच्या ठरल्यात. सुरुवात मी माझ्याच सोसायटीपासून केलीय. सेक्रेटरीकाका म्हणाले, ‘घेऊ की मीटिंगला. पार्किंगचा विषय झाला की लगेच.’