बारा कोसांच्या पलीकडे

वर्गात हात वर करण्याआधी वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून पाहायची सवय आमच्यातल्या कितीजणींना आहे, हे होस्टेलवर बोलता बोलता कळलं. उदगीरची, हिंगोलीची, चंदगडची, सगळ्यांची तीच तऱ्हा. मुद्दा बरोबर आहे की नाही, ही शंका नसतेच. 'करायलेत' तोंडाशी आलं की त्याचं 'करतायत' करून मग बोलायचं असतं. तेवढ्यात चर्चा पुढे गेलेली असते. आणि मला छळतं ते हे, की आत आधी उमटलं ते वाक्य माझं, की जे बोलायचं राहून गेलं ते?

बारा कोसांवर भाषा बदलते, असं आपल्याकडे म्हणतात. हे म्हणणं मी गंभीरपणे घेतलं. कोस म्हणजे साधारण दोन मैल धरले तर बारा कोस ३८ किलोमीटरच्या आसपास होतात. लातूरहून पुणं सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. म्हणजे वाटेत भाषा आठ-नऊ वेळा बदलायला हवी. मुरुड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. रात्रीच्या एसटीत हे सगळं झोपेत जातं, म्हणून एकदा मुद्दाम दिवसाची गाडी धरली आणि कान उघडे ठेवून बसले. बदल जाणवत होता, पण कुठे झाला ते सापडेना. येडशीला चढलेल्या मावशी आणि कुर्डुवाडीला चढलेली बाई टेंभुर्णीपर्यंत कांद्याच्या भावावर बोलत होत्या. दोघींचे हेल वेगळे, पण कुणीच कुणासाठी थांबत नव्हतं.

तेव्हा वाटलं, ही म्हण बसमध्ये बसलेल्या माणसाची नाहीच. बारा कोस हा पायांनी मोजलेला पल्ला आहे, दिवस उजाडता निघून अंधार पडेतो चाललं तर कदाचित संपेल असा. तो चालायचं कोण? व्यापारी, फकीर, वारकरी, बाजाराला निघालेले कुणबी. पण ही सगळी माणसं परत यायची. बारा कोस ओलांडून पलीकडेच राहायच्या त्या लग्न होऊन गेलेल्या मुली. ही म्हण पहिल्यांदा कुणी केली असेल ते कळायला मार्ग नाही, पण ती सर्वांत जास्त कुणी भोगली याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमची आजी बार्शीकडची. मुरुडच्या अलीकडे एका वाडीत दिलेली. तिथल्या जावांनी तिच्या बोलण्याला नावं ठेवली, असं ती सहज सांगते, तक्रार म्हणून नाही. "मग काय केलंस गं?" विचारलं तर म्हणाली, "काय करायचं? गप बसले. ऐकत ऐकत आलं." गप्प बसण्याचा तो काळ किती होता, हे तिला आठवत नाही. मला मात्र तोच काळ हवा आहे. मीही वर्गात एक अख्खं सत्र असंच काढलं आहे, आणि त्या दिवसांबद्दल बोलायला आमच्याकडे आता न्यूनगंड, ओळख, आत्मविश्वास असे मोठे मोठे शब्द आहेत. तिच्याकडे 'गप बसले' एवढंच होतं. लग्नाशिवाय बारा कोस ओलांडणारी आमच्या घरातली मी पहिली, याचा मला अभिमान आहे. पण ओलांडल्यावर जे झालं ते नवीन नाही, हे पचत नाही.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. ग्रंथालयात तो चाळताना एका गोष्टीने मला धरून ठेवलं. निरनिराळ्या बोलींचा नमुना म्हणून तिथे पुन्हा पुन्हा एकच कथा येते, बायबलमधली उधळ्या मुलाची. पुणेरीत तीच, वऱ्हाडीत तीच, कोकणीत तीच. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं घालवतो, उपाशी मरायची वेळ आल्यावर घराकडे वळतो. आणि निघण्याआधी, बापापुढे काय बोलायचं ते वाक्य मनात जुळवतो! तिथे मी थांबले. तोही वाक्य आधी म्हणून पाहतो. घरी पोचल्यावर ते बोलायला लागतो, पण बाप त्याला पुरं करू देत नाही, आधीच गळ्यात पडलेला असतो. मला चाकरासारखा ठेव, हा शेवटचा तुकडा त्याच्या तोंडातून निघतच नाही.

एवढ्या बोली नोंदवल्या, त्यांत घर सोडून गेलेल्याचीच गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीत बाप आहे, दोन भाऊ आहेत, चाकर आहेत. आई नाही, बहीण नाही. आजीसारखी, परत न बोलावली गेलेली कुणी नाही. तिची गोष्ट कोणत्या बोलीत लिहून घेतली असती? माहेरच्या की सासरच्या?

इथे पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी 'आव्वाज कुणाचा' अशी आरोळी उठते आणि आम्ही कॉलेजचं नाव घसा फाटेपर्यंत ओरडतो. तेव्हा मनात काहीही जुळवावं लागत नाही. एखाद्या एकांकिकेत आमच्याकडची बोली रंगमंचावर आली की टाळ्या पडतात, मीही वाजवते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'करतायत' म्हणते. यात खोटं नेमकं कुठे आहे, ते मला दाखवता येत नाही. मैत्रीण म्हणते, खोटं काहीच नाही, माणसाला दोन आवाज असतात. तिचं पटतं, मग पटत नाही, कारण दोन असते तर एकाला दुसऱ्याची परवानगी का लागली असती?

अलीकडे तर घरी फोन लावण्याआधीही मी वाक्य मनात म्हणून पाहते. आता तपासायचं असतं ते उलटं, 'करतायत' निघू नये म्हणून. आजी अजून गोठ्यात गाईशी बोलते तेव्हा तिचा हेल वेगळाच असतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. तो बार्शीचा आहे, असं मी धरून चालले होते. नसेलही. इतक्या वर्षांत तो तिचा तिनेच घडवला असेल, ना माहेरचा ना सासरचा. तिला विचारायचं आहे. बार्शीचा निघाला तर मला बरं वाटेल की नाही निघाला तर, हे मात्र ठरत नाही.